ढालीच्या जागी ट्रे
स्टॉकहोमच्या राजे पुरलेल्या चर्चमध्ये मेलेल्या सरदारांच्या, त्यांची चिन्हं रंगवलेल्या ढाली भिंतीवर टांगतात. मी तिथला रखवालदार. काल एक आजी तिकीट काढून आल्या आणि त्यांनी पिशवीतून कॉफीचा ट्रे काढला. त्यावर हातोडा, शिडी आणि दालचिनीचा पाव रंगवला होता. “नवऱ्याची ढाल. तूरे नाव. मंगळवारी गेला,” म्हणत त्यांनी तो रिकाम्या खिळ्याला अडकवलासुद्धा. “अहो आजी, इथे फक्त सरदार चालतात!” “चाळीस वर्षं हे छप्पर त्याने सांभाळलं. नाहीतर तुमचे राजे शवपेटीत पोहले असते!” मी ट्रे काढायला गेलो. “खबरदार!” त्यांनी माझ्यामागची पाटी दाखवली: भिंतीवरच्या वस्तूंना हात लावू नये, कर्मचाऱ्यांनीही. नियम तो नियम. मी हात खिशात घातले. तेवढ्यात एका पर्यटकाने विचारलं, “ही ढाल कुणाची?” आजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी टोपी काढली. “सरदार तूरे छप्परवाले.”