जरा डोळ्यात भरेल अशी

"ह्यांना आज काही म्हणजे काही देऊ नका, भाऊ. हात जोडते," बाई म्हणाल्या.

म्हणाल्या म्हणजे ओठ हलले. दुकानदाराला काउंटरवर ओणवं होऊन ते टिपावं लागलं. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कागद चुरगळल्यासारखा झाला होता. त्यांचे यजमान तिथंच, हातभर अंतरावर, कानात इअरफोन घालून केबलींच्या कपाटाकडे तोंड करून उभे होते. आपली तक्रार चालली आहे याचा चेहऱ्यावर मागमूस नव्हता.

दुकानदाराने ह्या गिऱ्हाइकाचं नाव पारखी ठेवलं होतं. इअरफोन-केबलींच्या त्या दुकानात येणाऱ्यांचे त्याने मनातल्या मनात कप्पे पाडले होते. कोणी गाण्यासाठी घेतं, कोणी मित्राकडे आहे म्हणून घेतं. आणि कोणी, आधीचं घेतलेलं वाया गेलं नाही हे स्वतःला पटवायला पुन्हा घेतं. पारखी ह्या शेवटच्या कप्प्यातला. आधी साधे इअरफोन नेले. मग त्यांची रबरी टोपणं काढून फोमची बसवली. मग तांब्याची केबल काढून चांदीचा मुलामा दिलेली लावली. दर वेळी म्हणायचा, "आवाज मोकळा झाला." आणि दर वेळी निवडताना कानाआधी डोळे लावायचा. "जरा डोळ्यात भरेल अशी दाखवा." कानाच्या वस्तूचा रंग बघणारा माणूस पाहून दुकानदाराला हसू यायचं. पण हसून गिऱ्हाईक घालवण्याइतका तो भोळा नव्हता.

"डॉक्टर म्हणतात, बोलत राहा," बाई सांगत होत्या. "आवाजाला कामाला लावा, गप्प बसलात तर आहे तोही जाईल. आता घरात आम्ही दोघंच. बोलू कुणाशी? फ्रिजशी? मागची ती चकचकीत वायर आणली तेव्हा घसा दुखेस्तोवर भांडले. माणूस ढिम्म! मग म्हटलं, जाऊ दे मेलं. हल्ली तर मी तोंडच उघडत नाही. समोरासमोर बसतो, जेवतो, उठतो. आज पुन्हा नवी घ्यायची म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली."

"काकू, मी समजावतो त्यांना," दुकानदार म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्यात बाईंसाठी किती आणि बुडणाऱ्या विक्रीसाठी किती, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"समजवाच. मी शेजारून औषध घेऊन येते." जाता जाता त्यांनी नवऱ्याचा शर्ट ओढला आणि मानेच्या शिरा ताणून त्याला काहीतरी सुनावलं. पारखी "हो, हो" म्हणून हसला. "बघितलंत?" बाई दुकानदाराकडे पाहून म्हणाल्या आणि पाय आपटत बाहेर पडल्या.

केबलचा गुण दाखवायला दुकानदार नेहमी एक फार मंद तुकडा ऐकवायचा. एकच व्हायोलिन, तेही पलीकडच्या खोलीत वाजत असल्यासारखं. आज त्याने खोडी करायची ठरवली. पारखीच्या इअरफोनला नवी केबल जोडली, दुसरं टोक प्लेअरला लावलं, प्लेअर आपल्याकडे वळवून ठेवला, आणि चालूच केला नाही. स्वारीची पारख उघडी पडली की निमूट घरी जाईल, काकूही खूश होतील.

पारखीने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याची मान डोलायला लागली.

"वा! व्हायोलिनच्या गजाचा केस न् केस सुटा झाला हो. मागच्या केबलीत सगळा गुंता होता."

दुकानदार गालातल्या गालात हसला. "काका, अजून काही लावलेलंच नाही."

पारखी डोलतच होता. दुकानदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्लेअरची बंद स्क्रीन त्याच्यासमोर धरली. आता हा ओशाळेल, नाहीतर चिडेल, अशी त्याची अटकळ होती. पारखीने स्क्रीन पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. दुकानदाराकडे नाही, त्याने आधी दाराकडे पाहिलं. बाई आल्या नव्हत्या. मग त्याने इअरफोन काढले.

"गाणं लावलं नव्हतं," दुकानदार पुन्हा म्हणाला.

पारखी त्याच्या ओठांकडे बघत राहिला. "जरा मोठ्यानं."

दुकानदाराचं हसू तिथंच राहिलं. "कधीपासून?" त्याने चढ्या आवाजात विचारलं.

"तिच्या ऑपरेशनच्या आसपास सुरू झालं. मोठं बोलणं येतं ऐकू. तिचं नाही येत."

"मग मशीन लावा की कानाला!"

"गुपचूप लावून पाहिलं. रस्त्यावरचे हॉर्न वाढले. ती तेवढी वाढली नाही."

"मग सांगून टाका ना काकूंना! उगाच ती माउली समजते, तुम्हाला तिची किंमत नाही."

"तेच समजू दे," पारखी म्हणाला. "हे कानात दिसतात, म्हणून तिला वाटतं मी मुद्दाम लक्ष देत नाही. मग ती जोर लावते. मला तिचं ऐकूच येत नाही हे कळलं, तर बोलेल कशाला?"

दुकानदाराने इअरफोन उचलले. नवी केबल त्याने हळूच सोडवली आणि जुनी पुन्हा जोडून दिली. "हीच राहू द्या मग. नाटकाला नवी कशाला लागते?"

दाराच्या काचेपलीकडे बाई औषधाची पिशवी घेऊन येताना दिसल्या. पारखीने घाईघाईने इअरफोन कानात कोंबले आणि नवी केबल बाईंना दिसेल अशी काउंटरवर पुढे ओढली.

"जुनीवर ती आता भांडत नाही."