या जेवायला

सासूच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ काढण्यात सूनबाई क्रांतीचे दोन फायदे होते. हजार सबस्क्रायबर झाले की कमाईचं दार उघडणार, आणि हातात मोबाइल असेतोवर भाकऱ्या सासू थापणार. हजाराला आता फक्त नऊ कमी होते. अख्खा मसूरच्या व्हिडिओत सासू मनुबाई सवयीनं शेवटी म्हणाल्या, “या रं पोरांनो जेवायला. शिराळ्यात कुणालाबी इचारा.”

रविवारी कुपवाडच्या कारखान्यातले नऊ कामगार गाड्यांवरून दारात हजर.

“आवं आत्या, ही खरंच आली की,” क्रांती म्हणाली.

“बोलावल्यावर येणारच. पर माझं गुडघं धरल्यात. तू बस चुलीम्होरं, मोबाइल मी धरते.”

जेवून नऊही जणांनी सबस्क्राइब केलं. हजार भरले. बेचाळीस भाकऱ्या क्रांतीनं थापल्या. मनुबाईंनी काढलेल्या व्हिडिओखाली पहिली कमेंट आली, “इथून पुढं सूनबाईच दाखवा.”