हात लावण्याचं कलम

"ताई, रंग वाळला का?"

"वाळलाय. तरी टेकून उभा राहू नकोस."

सेनापतींनी झटकन पाठ सरळ केली. कोठाराच्या मधोमध देशाचं एकुलतं एक अण्वस्त्र उभं होतं. टोकदार, राखाडी, बघूनच धडकी भरावी असं. ते लाकडाचं आहे हे चौघांनाच ठाऊक होतं: सेनापती, सुतारकाम करणारी त्यांची थोरली बहीण, आणि तोंड लपवून फिरणारे दोन शास्त्रज्ञ.

शेजाऱ्यांचं मात्र अस्सल. सेनापती दरवर्षी पाहणीला जात, दोरीच्या अलीकडून बघत. प्रत्येक वेळी कोरा करकरीत रंग, जवळपास काडी ओढायला सक्त बंदी, डोळे चुरचुरतील असा कसलासा उग्र वास. आपलं फुसकं आहे हे त्यांना कळलं, की संध्याकाळच्या आत त्यांचे रणगाडे आपल्या बाजारपेठेत.

आजवर दोरीने लाज राखली. पण यंदा दोन्हीकडचे मंत्री हस्तांदोलन करता करता वाहवत गेले आणि विश्वास वाढावा म्हणून करारात नवं कलम घालून बसले: पाहणाऱ्याने हात लावून बघायचं.

"ताई, त्यांचा निरीक्षक आज ठोकून बघणार!"

"बघू दे. आत कापूस भरलाय."

"सगळीकडे?"

"संपेपर्यंत."

बाहेर गाड्या थांबल्या. ताईने मुख्य अणुतज्ज्ञाचा पांढरा कोट चढवला. कानामागची पेन्सिल तेवढी काढायची राहिली.

शेजारचे निरीक्षक आत आले. उंच, गंभीर, बाहीवर पिवळसर भुकटी. हे लोक युरेनियम अंगावर सांडेपर्यंत काम करतात, या विचाराने सेनापतींना घाम फुटला.

निरीक्षकांनी अस्त्राला एक फेरी मारली. मग बोटं वाकवली आणि नेमकं कापूस संपला होता तिथे ठोकलं.

टक टक.

"कोण आहे?" ताई सवयीने म्हणाली.

"ताई!" सेनापती किंचाळले.

निरीक्षकांनी पुन्हा ठोकलं. कान लावला. नाक लावून वास घेतला. मग त्यांची नजर ताईच्या पेन्सिलीवर जाऊन थांबली.

"सगळ्यांना बाहेर काढा," ते म्हणाले. "माझ्याही माणसांना."

शिपाई गेले. निरीक्षकांनी स्वतः जाऊन दाराला कडी घातली.

झालं! सेनापतींना बाजारपेठेतला धुरळा दिसू लागला. त्यांचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला आणि तिथेच लुळा पडला. तेही ताईनेच बनवलेलं होतं.

निरीक्षक सेनापतींना ओलांडून थेट ताईपुढे आले. इकडे तिकडे बघितलं. आवाज अगदी खाली आणला.

"ताई, तुम्ही वाळवीला काय लावता हो? आमच्याचं बूड पार पोखरलंय."