आगीवरचा निबंध

“दार वाजवू नकोस, उघडंच आहे,” सर मान वर न करता म्हणाले.

मुलगी आत आली आणि मागे दार लोटू लागली. “राहू दे तसंच,” सर म्हणाले. बाहेर बाकावर तिची आई बसली होती. निबंध मशीनकडून लिहून घेतल्याचा संशय आला की पालकांना बोलवायचं, असा कॉलेजचा नवा नियम होता. संशय खरा ठरला की वर्ष वाया.

आई मघाशी सरांना भेटली होती. तिने रदबदली केली नाही की हात जोडले नाहीत. “तुम्ही पहिल्यापासून इथेच ना?” एवढंच विचारलं आणि सरांनी हो म्हटल्यावर बाकावर जाऊन बसली.

मुलं त्यांना चाळणीसर म्हणत. लेखनकौशल्याच्या वर्गात ते प्रत्येक संदर्भ चाळून घेत. निबंधात पुस्तकाचं नाव आलं की स्वतः ग्रंथालयात जाऊन ते पान काढत आणि ओळ सापडली नाही की निबंध परत. एका पठ्ठ्याने संदर्भ म्हणून आपल्याच आजोबांना इतिहासतज्ज्ञ करून टाकलं होतं. सरांनी आजोबांना फोन लावला. आजोबा जाम खूश झाले, नातवाचे गुण मात्र गेले.

या निबंधाने मात्र सरांची झोप उडवली होती. विषय त्यांचाच: ‘परिसरातली एक घटना, विश्वासार्ह स्रोतांच्या आधारे.’ मुलं बाजाराबद्दल लिहितात, पुलाबद्दल लिहितात. हिने नेमकी ग्रंथालयाची आग काढली.

ती आग ही मुलगी जन्मायच्याही आधीची. तळघरातल्या वाचनकक्षात संध्याकाळी आग लागली आणि आत अडकलेल्या एका विद्यार्थिनीचा जीव गेला. ग्रंथालय बंद व्हायची घंटा होताच इमारत रिकामी झाली होती, कुणीही काही ऐकलं नाही, मुलगी चोरून मागे राहिली आणि आग तिच्याच हातून लागली, असं चौकशीत ठरलं. तळघराला कुलूप लागलं. सर तेव्हा नोकरीत नवे होते. अजूनही ते त्या बाजूने जात नसत, लांबचा वळसा घालून वर्गावर जात. घरी शेजारचा भिंतीत खिळा ठोकू लागला तरी चपला घालून बाहेर पडत. बायको हसायची. तुमचं डोकं म्हणजे नुसतं काचेचं भांडं, म्हणायची.

“बस,” सर म्हणाले. “तू दिलेली ही तीन पुस्तकं. यातलं एकही नाही.”

“ग्रंथालयात नाही?”

“जगातच नाही. लेखक नाही, प्रकाशक नाही. आणि हे वर्तमानपत्र तर आगीनंतर कितीतरी वर्षांनी सुरू झालं. मशीनला एखादी गोष्ट माहीत नसली तरी ते गप्प बसत नाही, बिनदिक्कत थाप मारतं. तू ती थाप जशीच्या तशी उतरवलीस.”

मुलगी नुसती रडली असती तरी सरांनी ताकीद देऊन सोडून दिलं असतं. कठोर दिसले तरी मुलांचं वर्ष जावं असं त्यांना कधीच वाटत नसे. पण ही शांतपणे त्यांच्याकडे बघत होती, आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

“स्रोत कसा तपासायचा, ते शिकवलं होतं ना मी?”

“हो, सर. सांगणारा कोण, तो तिथे होता का, आणि काही लपवण्यात त्याचा फायदा आहे का, हे बघायचं.”

“मग बघितलंस?”

“बघतेय, सर.”

सरांनी पान उलटलं. “हे ऐक. ‘तिच्या आर्त किंकाळ्यांनी अवघा आसमंत दुमदुमून गेला. वाचवा, वाचवा, असा तिचा टाहो...’ ही तुझी भाषा? असं बोलतेस तू घरी?”

“चुकलंय का ते?”

“चुकलंय का म्हणून काय विचारतेस!” सरांचा आवाज चढला. गेले काही दिवस ही ओळ त्यांच्या डोक्यात घण घालत होती. “एक जिवंत पोर गेली, आणि हे यंत्र तिला नाटकातल्यासारखं ओरडायला लावतं! किंकाळ्या कसल्या? ती ओरडली नाही. एकदाही नाही. नुसतं दार वाजवत होती. आधी जोरात, मग हळूहळू. मध्येच थांबायची. वाटायचं, सुटली असेल कुठून तरी. की पुन्हा सुरू...”

सर थांबले.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज स्थिर होता.

“निबंध मशीननेच लिहिलाय, सर. खोटी पुस्तकं घाल, किंकाळ्या घाल, असं मीच त्याला सांगितलं होतं. आगीच्या वेळेपासून इथे असलेल्या सगळ्या सरांना तो तपासायला दिला. सगळ्यांनी पुस्तकं खोडली. किंकाळ्यांना तुमच्याशिवाय कुणीच हात लावला नाही.”

सरांनी निबंध टेबलावर पालथा घातला.

मुलगी उठली आणि बाकाकडे वळून म्हणाली, “आई, आत ये. मावशीला दार कुणी उघडलं नाही, ते कळलं.”