बिनठिपक्यांची माशी

‘पंख फिकट’ एवढं लिहून तिने परत खोडलं. परवाची माशी पाण्यासारखी पारदर्शक होती. कालची पिवळसर. आणि आत्ता भिंगाखाली पडलेल्या हिच्या पंखाच्या टोकाला राखाडी सावली दिसत होती. की आपल्याच झोप न झालेल्या डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तेच तिला कळेना. सगळ्या एकाच बरणीतल्या माशा, आणि एकीचं वर्णन दुसरीला लागू पडेल तर शपथ.

“झालं का?” सरांनी दारातूनच विचारलं. “आज वर्णन छापायला पाठवायचंय.”

“रंगापाशी अडलेय, सर.”

“माशी आहे ती, साडी नाही. फिकट लिही आणि मोकळी हो.”

मोकळी कसली होतेय! बाळंतपणाच्या रजेवरून ती परतली तेव्हा ‘आता हिचं कुठलं लक्ष लागतंय’ ही कुजबुज तिच्या कानावर आली होती. तिची इथली जागा राहणार की जाणार, ते या तिळाएवढ्या जिवावर येऊन ठेपलं होतं. सडक्या अळंबीतून निघणारी, पंखांवर एकही ठिपका नसलेली असली माशी आजवर कुणीच नोंदवली नव्हती. तिला लेकीचं नाव द्यायचं, हेसुद्धा ठरून गेलं होतं.

आणि जपलं तरी किती होतं तिने! बरणीच्या तोंडाला मऊ मलमल बांधायची. माशी बाहेर आली रे आली, की ओल्या ब्रशाने अलगद टिपायची आणि अल्कोहोलच्या कुपीत सोडायची. धडपडून पंख फाटायला नकोत, म्हणून एकीलाही तिने घटकाभर बरणीत राहू दिलं नव्हतं.

दुपारी सासूबाई नातीला घेऊन आल्या. बाळाच्या दुधाची वेळ झाली होती. शेजारच्या टेबलावर विंचवांचा अभ्यास करणाऱ्या मॅडमनी हातातला विंचू बाजूला ठेवून बाळाला आधी आपल्याकडे ओढलं.

“नाक काही आईचं नाही हं. बापाचंही नाही. आणि डोळे तर कुणाचेच नाहीत!”

“अहो, विंचू आहे का तो, असा उलटसुलट करून बघायला?” सासूबाईंनी नात काढून घेतली. “आत्ता कुठे जन्मलीय. कच्ची आहे अजून. जरा रूप बसू तर द्या!”

बाळाला घ्यायला पुढे केलेले तिचे हात तसेच राहिले.

कच्ची. कोषातून माशी निघते तेव्हा मऊ असते, फिकट असते. रंग नंतर भरतो. हे तिने वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्कही मिळवले होते.

तिने लेकीला पदराखाली घेतलं आणि बरणीकडे पाहिलं. एक माशी नुकतीच बाहेर येऊन चुरगळलेले पंख उलगडत होती. सवयीने तिचा मोकळा हात ब्रशाकडे गेला. मग तिने तो लेकीच्या पाठीवर ठेवला.

त्या दिवशी तिने काहीच पाठवलं नाही. सर धुसफुसत घरी गेले.

सकाळी माशी मलमलीला उलटी चिकटून पाय घासत होती. काळीभोर. दोन्ही पंखांवर ठसठशीत ठिपके. माशा ओळखायच्या पुस्तकात पहिल्याच पानावर असते ती. कुठल्याही कचऱ्याच्या डब्यावर घोंगावणारी, कुणी ढुंकूनही न बघणारी.

तिने कुपीकडे पाहिलं. तळाशी सगळ्या फिकट पडून होत्या. हसावं की रडावं, तिला समजेना. तिने मलमलीची गाठ सोडली.

सर आत आले ते हाताने तोंडापुढची माशी वारतच.

“ही कुठली आणि मध्येच? आणि आपली नवी माशी कुठाय?”

“मोठी झाली, सर.”