आबांचं घोंगडं
सुट्टीवर आलेला जवान बिरदेव वैशाखाच्या उन्हात पाठीवर पोतं बांधून माळावर पळायचा सराव करून आला आणि दारात आईलाच सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, मी थांबणार न्हाई." मग कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, वर हुडहुडी. आई हरणाबाईनं नवऱ्याच्या माघारी जपलेलं त्याचं घोंगडं आणलं. "हिव भरलंय गं, पांघरूण घाल." सुनेनं ते भिरकावलं. "आवं आत्याबाई, ह्यांनीच सांगून ठेवलंय, ऊन लागून बरळाय लागलो तर आदी पाण्यात घाला." "पेटल्या अंगावर पाणी? मारतीस व्हय लेकाला?" नवऱ्याला ओढत सुनेनं मेंढरांच्या हौदात उतरवलं. "साहेब... साहेब..." आवाज विझत चालला. हरणाबाईच्या काळजाचं पाणी झालं. बिरोबाचं नाव घेत तिनंच घोंगडं हौदात बुडवलं आणि लेकाच्या डोक्यावर पिळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं. डोळे उघडले. "आये, आबांचं घोंगडं भिजीवलंस?"