लिपाविरुद्धचा गोल

१९९७ सालची गोष्ट. माझा भाचा रादिशा आमच्या गावच्या लिपा फुटबॉल क्लबात वाढला, मग पोटासाठी सर्बियाभर क्लब बदलत फिरला. त्या रविवारी तो पाहुण्यांच्या संघातून लिपाविरुद्धच खेळायला आला. माझा भाऊ विदोये, म्हणजे त्याचा बाप, तोवर पुरता आंधळा झाला होता. तरी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याशेजारी बाकावर बसला.

"गोल घातला की पोरगा लहानपणापासून 'बाबा!' म्हणून बोंबलतो," तो म्हणाला. "तेवढं एकदा कानावर पडलं की मी मरायला मोकळा."

"आधी ही ग्लासातली राकिया दारू संपव, मग खुशाल मर," मी म्हणाले.

सामना संपत आला आणि रादिशाने डोक्याने गोल घातला. पण आपल्या जुन्या क्लबाविरुद्धचा गोल साजरा करायचा नाही, ही खेळाडूंची रीत. त्याने हात वर करून गावाची माफी मागितली आणि मुकाट परत फिरला. गावकरीही गप्पच.

"अरे, घातला! आपल्या रादिशाने घातला!" मी विदोयेला हलवलं.

"उगाच माझं मन राखू नकोस," तो म्हणाला. "त्याने घातला असता तर ओरडला नसता?"

सामना संपताच पाहुण्यांची बस निघून गेली. त्याच आठवड्यात विदोये गेला.

* * *

लिपा क्लब पुढे बुडाला. रादिशा आता ऑस्ट्रियात फरश्या बसवतो. फोनवर अजून विचारतो, "आत्या, बाबांना कळलं होतं ना?"

मी म्हणते, "कळलं म्हणजे? लहान मुलासारखा रडला रे."